मंगळवारचं पडणं

शुभदा,

आज मंगळवार. ऑफिसातून आल्यावर मी बॅग भरली, पाण्याची बाटली घेतली, खाली जाऊन गाडीत बसले, एसी लावला. या वेळी मुसफ्फातून अबुधाबी शहराकडे जाणाऱ्या रस्त्यावर ट्रकांची रांग लागते. ती चुकवायची तर लगेच निघायला हवं होतं. थोडा वेळ तशीच बसले आणि मग गाडी बंद करून वर आले. क्लासच्या हॉलवर जाऊन करणार काय? एकटीनं करता येईल असं त्यात जवळजवळ काहीच नाही. एकीनं धरायचं, दुसरीनं सुटायचं. एकीनं पाडायचं, दुसरीनं पडायचं. दुसरी गेली की पहिली नुसती जाड पांढरा डगला घालून उभी.

म्हणून तुझ्याशी बोलत बसले आहे. तुला हे लिहिणं-बिहिणं आवडलं नसतं. "लिहून काय होते गं, बोल ना," असं म्हणाली असतीस, तुझ्या त्या अमरावतीच्या सुरात.

तुझं तोंड पाहण्याआधी मी तुझी पाठ पाहिली होती. सई कॉलेजसाठी कॅनडाला गेली होती. विजय दूर रुवैसच्या प्लँटवर, शनिवार-रविवारपुरता घरी येणारा. शाबियातल्या आमच्या दोन खोल्यांत मी संध्याकाळी टीव्ही लावून ठेवायचे, तो कानावर मराठी पडावं एवढ्यासाठीच. एकदा सईला फोनवर म्हटलं, कंटाळा येतो गं. ती म्हणाली, "मम्मा, जस्ट जॉइन समथिंग. यू सॅट आउटसाइड माय जिऊजित्सू क्लास फॉर यर्स. नाऊ गो इन."

गेले आत. पुढच्या हॉलमध्ये मोठ्यानं गाणी लागलेली, भिंतीवर मेडलं टांगलेली, विशीतल्या मुली एकमेकींना चटईवर लोळवत होत्या. काउंटरवरच्या फिलिपिनो मुलीनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि अगदी प्रेमानं म्हणाली, "मॅम, मेबी यू वाँट द बॅक हॉल." मागच्या हॉलमध्ये गाणं नव्हतं. निळ्या-लाल फोमच्या चटया होत्या, चार-पाच बायका होत्या, साठीतली एक बुटकी जपानी बाई होती आणि तिच्या कमरेवरून हवेत उलटी झालेली तू होतीस. धप्पकन पडलीस, हात चटईवर आपटलास आणि म्हणालीस, "माय वो!"

मी दारातूनच विचारलं, "मराठी?"

तू पडल्या पडल्या मान वळवलीस. "अमरावती. या ना आत. चप्पल तिकडे काढा."

दोन-तीन मंगळवारांत तुम्हीचं तू झालं. जी बाई आपला हात पाठीमागे पिरगाळून उभी आहे, तिला अहो-जाहो किती दिवस करणार?

सेन्सेईंचं इंग्रजी मोजकं, आपलं जपानी शून्य. सेन्सेई म्हणजे गुरुजी, तेवढं पहिल्या दिवशी कळलं. त्यांचे यजमान कुठल्याशा गॅसच्या कंपनीत होते आणि स्वतः त्या लहानपणापासून हे शिकत आलेल्या. पुढच्या हॉलमधला तो स्पर्धेचा खेळ. त्यात गुण असतात, पंच असतो, वजनाचे गट असतात. आपलं ते जुनं जुजुत्सू. ना गुण, ना पंच. सुरुवातीला कितीतरी दिवस त्यांनी आपल्याकडून फक्त पडून घेतलं. हनुवटी छातीशी, श्वास बाहेर, आणि अंग जमिनीला टेकेल त्याच क्षणी अख्ख्या हाताची थाप, म्हणजे पडण्याचा जोर हातावाटे निघून जातो, पाठीत राहत नाही. मी वैतागले होते. म्हटलं, पडायला काय शिकायचंय, ते कुणालाही येतं. तू एरवी सारखी हसणारी, त्या दिवशी हसली नाहीस. "मी दिवसभर हॉस्पिटलात काय करते सांगू? ज्यांना पडता आलं नाही त्यांना परत चालवते."

त्या क्लासमध्ये पडायला आवडणारी तू एकटीच होतीस. बाकी आम्ही सगळ्या सहन करायचो.

मग तू एकदा तो प्रश्न विचारलास, हे सगळं सुरू कुठून झालं? सेन्सेई गुडघे मोडून बसल्या, आपल्यालाही बसवलं आणि हातवाऱ्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली रणांगणातली. कित्येक शतकांपूर्वीच्या लढाया, अंगावर लोखंडाचं आणि चामड्याचं चिलखत चढवलेले सामुराई. भाला गेला, तलवार मोडली, शत्रू अंगाला भिडला. आता गुद्दा मारून उपयोग नाही, चिलखतावर आपलीच बोटं मोडतील. मग त्याचा तोल घालवायचा, त्याला खाली आणायचं आणि मनगट, कोपर, मान, जिथे सापडेल तिथे धरून वळवायचं. कारण माणसाला हलायचं असेल तर सांधे मोकळे ठेवावेच लागतात. ते कुणालाही लोखंडानं पुरते झाकता येत नाहीत.

दुसरी गोष्ट एका वैद्याची. हिवाळा होता, त्याच्या अंगणात बर्फ पडत होता. मोठ्या झाडांच्या जाड फांद्या बर्फाच्या वजनानं कडाकड मोडून पडल्या. विलोच्या झाडाची बारकी फांदी मात्र वाकली, बर्फ तिच्यावरून घसरून गेला आणि ती पुन्हा वर आली. वैद्यानं ते पाहिलं आणि त्यावरून आपली विद्या रचली. जुजुत्सूमधला जू म्हणजे तोच, सेन्सेई म्हणाल्या. मऊपणा. वाट देणं.

"दोन्हींतली खरी कुठली?" मी विचारलं.

"बोथ टीच," एवढंच म्हणून त्या उठल्या.

आपण दोघींनी त्या गोष्टी वाटून घेतल्या. मी चिलखतवाली, तू विलोवाली. क्लासनंतर खालच्या कॅफेटेरियात उभ्या उभ्या करक, म्हणजे इथला तो दुधात उकळलेला कडक चहा पिताना आपलं भांडण ठरलेलं. घामानं केस चिकटलेले, हातात कागदी कप, बाहेर अशी दमट हवा की चष्म्यावर वाफ धरायची.

"ही विद्या माणसं मारायला जन्मली, शुभदा," मी म्हणायचे. "ते बर्फाचं वगैरे कुणीतरी नंतर लावलंय, शोभेला."

"जन्मली असंल. पण टिकली कशानं, ते सांग ना. लढाया संपल्या, मग पुढे इतकी वर्षं त्या देशात शांतता होती. तेव्हा हे उस्ताद काय करत होते?"

"काय?"

"लोकांची हाडं बसवत होते. सेन्सेईंनी सांगितलं मला. सांधा कुठून निखळतो हे ज्याला कळतं, त्यालाच तो बसवता येतो. म्हणजे ते माझेच भाऊबंद झाले ना?" आणि मग त्या पोरकट आनंदानं कप उंचावायचीस, जसं काही केस जिंकलीस.

तुला त्या विद्येचा पुढचा प्रवासही फार आवडायचा. जुजुत्सूच्या जुन्या शाळांमधून कुणी ज्युडो घडवला, ज्युडो जहाजात बसून ब्राझीलला गेला, तिथे जमिनीवर लोळायला शिकला, नाव बदललं आणि तिथून विमानानं इथे अबुधाबीला आला, शाळाशाळांत पोचला. "आपल्यासारखंच," तू म्हणायचीस, "जिथे व्हिसा मिळाला तिथलं झालं." पुढच्या हॉलमधल्या मुलींबद्दल मी नाक मुरडलं की तू मला गप्प करायचीस. त्या आपल्या भाच्या आहेत म्हणायचीस.

आखातात कुठलाच घोळका फार दिवस टिकत नाही. आपल्यातली एक लग्न होऊन कतारला गेली, एकीच्या नवऱ्याची नोकरी गेली आणि महिन्याभरात त्यांनी घर आवरलं. मग सेन्सेईंच्या यजमानांची बदली झाली. शेवटच्या दिवशी सेन्सेईंनी आपल्या दोघींना समोरासमोर उभं केलं आणि दोघींनी मिळून करायचे प्रकार पहिल्यापासून शेवटपर्यंत करून घेतले. त्यात एक करणारी असते आणि एक घेणारी. मला वाटायचं करणारी मुख्य, घेणारी तिच्या सोयीसाठी. सेन्सेईंनी त्या दिवशी मला थांबवलं आणि तुझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, हिच्याकडून घ्यायला शीक, ही घेते म्हणून तुला करता येतं. मला ते लागलं. तुला मात्र कळलंही नाही, तू बेल्टची गाठ सोडवत होतीस.

त्यानंतर मागचा हॉल आपल्या दोघींचाच.

आता जे सांगते आहे ते मी विजयला सांगितलेलं नाही, सईला तर नाहीच. त्या दिवसांत आठवडेच्या आठवडे मला कुणाचा हात लागत नसे. ऑफिसात मी मॅडम. समोरचा माणूस कागदसुद्धा टेबलावर ठेवून मग सरकवतो. विजय शनिवारी येतो तो थकून, झोपतो, रविवारी संध्याकाळी निघतो. चांगला माणूस आहे. पण आम्हाला एकमेकांची सवय राहिली नव्हती. दुकानदारसुद्धा सुटे पैसे काउंटरवर ठेवतो. आणि मंगळवारी तू समोर उभी राहायचीस, माझं मनगट घट्ट धरायचीस आणि म्हणायचीस, "चल, सुट." तुझी बोटं कामानं जाड झालेली होती, तळवे गरम. पहिल्या पकडीला माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तुला वाटलं, जोरात धरलं गेलं. "दुखलं का गं?" मी हो म्हटलं.

तुझी तरी काय गोष्ट वेगळी होती? लग्न केलं नव्हतंस, केरळच्या नर्सबरोबर एका खोलीत राहायचीस, तिची ड्यूटी रात्रीची, तुझी दिवसाची. दिवसभर लोकांचे हातपाय धरायचीस, पण ते तुझं काम होतं. तुला कोण धरायचं? हे मी तुला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तू काहीतरी थट्टा करून टाळलं असतंस, हेही ठाऊक आहे.

आणि ते तुझं सोडून देणं. तुझ्या खात्याची मुख्य म्हणून तुझ्याहून लहान मुलीला नेमलं. मी चहाचा कप खाली ठेवून तुला झापलं, मेल लिही, एचआरकडे जा. तू म्हणालीस, तिला घर चालवायचंय, मला काय करायचंय मुख्य होऊन, मला पेशंट पुरेत. त्या आठवड्यात तू एका म्हाताऱ्या अरब आजीला सोफ्यावरून चटईवर पडायला शिकवत होतीस, ती मूळची घाबरट, पण तुला "यल्ला बिन्ती", चल गं पोरी, म्हणत पडायची आणि हसायची. ते सांगताना तुझा चेहरा असा फुलला होता की मला पुढे बोलवेना.

मीही तुझी पेशंटच निघाले म्हणा. आमच्या कंपनीच्या यार्डात तेल सांडलेलं होतं, मी इन्व्हॉइसची फाइल घेऊन फोरमनकडे चालले होते. पाय सटकला. विचार करायला वेळच नव्हता. हनुवटी आत गेली, श्वास बाहेर पडला, हात सिमेंटवर आपटला. वेल्डर धावत आले, "मॅडम, लगा क्या?" कोपर सोलवटलं होतं, बाकी काही नाही. मी तिथेच तेलात बसून पहिला फोन तुला केला. विजयला संध्याकाळी सांगितलं. तू आधी इतकी हसलीस की पलीकडून कुणीतरी तुला विचारलं काय झालं. मग तुझा आवाज एकदम बसला. म्हणालीस, "डोकं आपटलं असतं, रेखा."

त्या एका हाताच्या थापेबद्दल मी तुझी किती ऋणी आहे, हे सांगायचं राहून गेलं. मला वाटलं, आहेच की तू.

मग शेवटचा मंगळवार. ते भांडण अर्धवट राहिलं आणि मला ते रोज पुन्हा भांडावं लागतंय, दोन्ही बाजूंनी.

तू चहा घेता घेता सहज म्हणाल्यासारखं सांगितलंस, भावाचा फोन आला होता, आई आता अंथरुणाला खिळली आहे, त्याला आणि वहिनीला झेपत नाही, तू ये. कॉन्ट्रॅक्ट संपत आलंच होतं. तू हो म्हणून मोकळी झाली होतीस. एका फोनमध्ये.

"विचार तरी करायचास," मी म्हटलं.

"काय विचार? आई आहे माझी."

"बाई ठेवता येते. भाऊ तिथेच आहे. तुझी नोकरी, तुझे पेशंट, त्याला काही किंमत नाही? कुणी जरा ढकललं की तू बाजूला होतेस, शुभदा. हा जू नाही. याला शरण जाणं म्हणतात."

तू चिडली नाहीस. चिडली असतीस तर बरं झालं असतं. "ढकलणाऱ्याला जागा दिली की त्याचा जोर जातो, एवढंच तर शिकलो ना आपण," म्हणालीस.

"आणि जागा देणारी कुठे जाते?" मी विचारलं.

तू कपातल्या चहाकडे बघत राहिलीस. रस्त्यावरून एक ट्रक गेला, तो जाईपर्यंत थांबलीस. मला वाटलं, आता उत्तर येईल. "मंगळवारी सांगते," म्हणालीस आणि हसलीस. तुझी बस आली होती.

मला प्रत्यक्षात म्हणायचं होतं ते एवढंच होतं की तू गेलीस तर माझं मनगट कोण धरेल. ते म्हणायला जीभ वळली नाही, म्हणून शरण वगैरे मोठे शब्द आले.

रविवारी तू गेलीस. हॉस्पिटलच्या स्टाफ बसमधून उतरलीस, दोन पावलं चाललीस आणि खाली बसलीस. तुझी रूममेट, त्या दिवशी नेमकी दिवसपाळीला, तुझ्या मागेच होती. मला फोनवर रडत सांगत होती, "दीदी, वो गिरा नहीं. वो ऐसे बैठ गया, धीरे से." हॉस्पिटल दारात होतं. डॉक्टर धावले, सगळं केलं, पण हृदय थांबलं होतं ते थांबलंच. अंगावर खरचटल्याची एक खूण नव्हती.

तुझ्या भावाला व्हिसा काढून इथे येणं जमणार नव्हतं. त्यानं मेलवर सही करून परवानगी पाठवली आणि सगळं तुझ्या हॉस्पिटलच्या पीआरओवर, म्हणजे सरकारी कागदपत्रं करणाऱ्या माणसावर आलं. कुट्टी नावाचा मध्यमवयीन माणूस, दोन फोन, सतत घामाघूम. मी ऑफिसातून रजा घेऊन त्याच्यामागे फिरत होते. शवागाराच्या काउंटरवर त्यानं मला विचारलं, "मॅडम, रिलेशन?"

"फ्रेंड."

त्यानं मान हलवली. "फ्रेंड का कॉलम नहीं है, मॅडम. आप बाहर बैठो."

मी बाहेर बसले. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, थंडगार एसी, भिंतीवर घड्याळ. शुभदा, तुझा डावा खांदा किती मागे जातो आणि कुठे तू चटईवर हात आपटून थांब म्हणतेस, हे या शहरात माझ्याखेरीज कुणाला ठाऊक होतं? पण त्याला काही नाव नाही. मी तिथे बसून मनात नाव शोधत होते आणि सापडत नव्हतं.

विमानात ठेवण्याआधी देहावर जी प्रक्रिया करतात, तिथे कपडे द्यायचे होते. तुझ्या कपाटात कुडते होते, ट्रॅक पँटी होत्या, साडी एकही नाही. मी घरून माझी मोरपंखी इरकल नेली, ब्लाउज, परकर. तिथे काम करणारी बाई कराचीची होती, जाडजूड, शांत चेहऱ्याची. तिनं पिशवीत पाहिलं. "साड़ी हमसे नहीं होगी, बाजी. गाउन ला दीजिए. या हम ऊपर से लपेट देंगे."

"मैं पहनाती हूँ."

"आप कौन हैं इनकी?"

मागून कुट्टी फोनवरचं बोलणं अर्धवट टाकून म्हणाला, "सिस्टर है. जाने दो." आणि माझ्याकडे न बघता पुन्हा फोनवर लागला.

आत तू होतीस.

मी तुझा हात उचलायला गेले आणि तो उचलला गेला नाही. शुभदा, इतकी ताठ तू कधीच नव्हतीस. कितीदा मी ते मनगट धरलं असेन, आणि प्रत्येक वेळी धरता क्षणीच ते माझ्या हातात सैल व्हायचं, जिकडे नेईन तिकडे यायचं, आणि मग मीच आडवी पडलेली असायचे. आता मी धरलं आणि पलीकडून काहीच आलं नाही. ना जोर, ना वाट. तेव्हा मला कळलं तू गेलीस. त्याआधी फक्त बातमी होती.

ती बाई ब्लाउज हातात घेऊन उभी होती. तिनं पाठीवर कापून घेतला होता, तिथे तसंच करतात. "ज़ोर लगाना पड़ता है," ती हळूच म्हणाली.

"नहीं," मी म्हटलं. "ज़ोर नहीं."

एक हात कोपराखाली, एक खांद्यामागे. सांधा ज्या बाजूला जाऊ पाहतो त्या बाजूनंच जायचं, तो थांबला की आपणही थांबायचं. तूच माझ्या हातावर हात ठेवून हे दाखवलेलं. वेळ लागला. बाही चढली. मग तुला कुशीवर घ्यायचं होतं. त्या बाईनं ढकलायला हात लावला, मी तिला थांबवलं. तुझा गुडघा जरासा कलता केला, कमरेशी हात नेला आणि तुझं वजन आपल्या आपण जिकडे निघालं तिकडे जाऊ दिलं. तू वळलीस. कराचीवाली माझ्याकडे बघत राहिली. "आप नर्स हैं?" मी मानेनंच नाही म्हटलं.

निऱ्या मी माझ्या मांडीवर घातल्या. तुझ्या पोटावर घालवेनात. एकसारख्या, बोटभर, इस्त्री केल्यासारख्या. मग खोचल्या. पदर खांद्यावरून पुढे घेतला. तुझे केस त्या बाईनं विंचरले. मी तिला काही सांगितलं नव्हतं, तरी तिनं भांग बरोबर पाडला. जाताना तिनं माझा हात हातात घेऊन दाबला आणि तिचे अब्बा गेले तेव्हाचं काहीतरी मला सांगितलं. ते मी ऐकलं, पण आता आठवत नाही.

कार्गोच्या गेटपर्यंतच सोडतात. पेटी आत गेली, शटर खाली आलं. कुट्टी म्हणाला, खलास मॅडम, चला, मी सोडतो. पण कुणाला पाडून झालं की लगेच पाठ फिरवायची नाही, सेन्सेई आपल्याला नेहमी बजावायच्या. समोरची उठून नीट उभी राहीपर्यंत तिच्याकडे लक्ष ठेवून थांबायचं. त्या थांबण्याला जपानीत शब्द आहे, झान्शिन, उरलेलं मन. मी त्या बंद शटरकडे तोंड करून उभी राहिले. कुट्टीनं गाडीचा दरवाजा उघडा धरला होता. बराच वेळ धरून होता, बिचारा.

विजय त्या आठवड्यात शुक्रवारीच आला. चहा केला, माझ्याशेजारी बसला. "तुझी ती कराटेवाली मैत्रीण," एवढं म्हणाला आणि थांबला. मी सुधारलं नाही. तो वाईट वाटूनच बोलत होता. सईनं व्हिडिओ कॉलवर "आय ॲम सो सॉरी, मम्मा" म्हटलं. ऑफिसात तर कुणाला सांगणार? रजा मी मैत्रिणीसाठी घेतली होती, तिला कारण म्हणून कुणी धरत नाही.

आज गाडीतून परत वर आले तेव्हा फोन वाजत होता. भारतातला नंबर. तुझ्या भावानं लावून दिला होता. पलीकडे आधी त्याचा आवाज, मग एक बारीक, थकलेला.

"रेखाबाई का?"

"हो. बोला ना."

"मी शुभदाची आई. झोपूनच बोलते, बाई, उठता येत नाही."

मी काय बोलले मला आठवत नाही, काहीतरी सगळे बोलतात तेच. तिनं ते ऐकून घेतलं.

"एक विचाराचं होतं. साडी आमच्या घरची नव्हती. कोणाची व्हय ते?"

"माझी."

"अन् नेसवली कोणं?"

"मीच."



"तेच म्हटलं," ती म्हणाली. "आमच्या शुभीले आयुष्यात कधी निऱ्या जमल्या नाहीत. हा पोरगा इथे सगळ्यांले सांगत होता, तिथे तिचं कोणीच नव्हतं म्हणून. मी म्हटलं, पेटी उघडली तवा मी पाहलं ना. परकं माणूस कोणी इतक्या नीट निऱ्या घालते का?"

मला रडू आलं ते तिनं ऐकलं. ती रडली नाही. नुसती होती तिथे. पलीकडे पंखा फिरत होता, कुठेतरी भांडं पडलं, तिच्या सुनेनं कुणाला तरी हाक मारली. मी नाक पुसून म्हटलं, तुम्हाला त्रास होत असेल, ठेवते.

"ठेवू नका आताच," ती म्हणाली.

मी ठेवला नाही.